घराजवळ पाळणाघर, घराजवळ शाळा : पालकांच्या चळवळीचा जाहीरनामा

आम्ही पुण्याच्या दक्षिण उपनगरांत राहणारे आईबाप आहोत. धायरी, वडगाव, आंबेगाव, कात्रज, कोंढवा ही आमची वस्ती. आमच्यात कुणी आयटीत आहे, कुणी बँकेत, कुणी रिक्षा चालवतं, कुणाचा भाजीचा गाळा आहे, काही जणी दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळायला जातात. प्रत्येकाच्या घरी एखादं लहान मूल आहे. दिवसभर त्याच्याकडे कोण बघणार आणि ते कुठल्या शाळेत जाणार, या दोन प्रश्नांशी आजवर प्रत्येक घर एकट्याने झुंजत आलं. नोकऱ्या सुटल्या, कर्जं झाली, नवराबायकोत आणि सासूसुनेत अबोले झाले. यापुढे आम्ही हे प्रश्न चार भिंतींत सोडवत बसणार नाही. नळाला पाणी येणं जितकं सार्वजनिक काम आहे, तितकंच लहान मुलाची देखभाल आणि शाळा हेही सार्वजनिक काम आहे, असं आम्ही जाहीर करतो.

सकाळी पावणेआठला मावशींचा फोन येतो. "ताई, आज यायला जमायचं नाही, धाकट्याला ताप भरलाय." घरात क्षणभर शांतता. मग वाटाघाटी सुरू होतात. बाबांची दहाची मीटिंग आहे, लॅपटॉपची बॅग खांद्याला लागलेली आहे. आईचीही आहे, पण तिची 'पुढे ढकलता येईल'. सासूबाईंना नगरहून बोलावलं तरी त्या संध्याकाळशिवाय पोचणार नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारावं, तर मागच्याच आठवड्यात विचारलेलं असतं. शेवटी रजा आईची पडते. वर्षभरात अशा रजा साठत गेल्या की साहेब बोलू लागतात, आणि एक दिवस ती स्वतःच म्हणते, "सोडतेच नोकरी, निदान डोक्याला ताप तरी नको."

त्याच फोनच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक घर आहे, आणि आमच्या चळवळीची सुरुवात तिथून होते. मावशींच्या धाकट्याला ताप नसतो त्या दिवशी त्याला कोण बघतं? चौथीत शिकणारी त्याची बहीण. शाळा सकाळची असली तर ती दुपारी बघते, आणि तो किरकिर करत असला तर शाळेला दांडी मारून बघते. म्हणजे एका घरातलं बाळ सांभाळलं जावं म्हणून दुसऱ्या घरातली मुलगी वर्गाबाहेर राहते. पाळणाघराचा प्रश्न आणि शाळेचा प्रश्न इथे एक होतात. आजवर त्यांची चर्चा वेगवेगळ्या टेबलांवर झाली. पाळणाघराची नोकरदार बायकांच्या टेबलावर, शाळागळतीची शिक्षण खात्याच्या टेबलावर आणि नर्सरी प्रवेशाची सोसायटीच्या कट्ट्यावर. आम्ही ती एकत्र करणार आहोत.

हे आम्हांला नव्याने सुचलेलं नाही. ताराबाई मोडकांनी 1936 साली दादरला शिशुविहार काढलं, तेव्हा तिथे येणारी मुलं शहरी, बऱ्या घरची होती. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या, आणि तिथल्या वारली पाड्यांवर त्यांना वेगळंच चित्र दिसलं. शाळा बांधून मुलं येत नव्हती. मुली कडेवरच्या भावंडात अडकलेल्या, मुलगे गुरांमागे रानात. मग मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं ठरलं. पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरू लागली, तीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊन शिकवू लागले, ती कुरणशाळा. पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी आकाराला आली. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. थोरली बहीण वर्गात बसायची आणि धाकटं भावंड शेजारच्या खोलीत झोपलेलं असायचं. मुलगी शाळेत टिकावी म्हणून तिच्या भावंडाची सोय आधी लावायला हवी, हे या बायकांनी ओळखलं आणि करून दाखवलं. आम्ही त्याच वाटेने निघालो आहोत.

सरकारने अंगणवाडी उचलली, तिचं नाव देशभर गेलं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि आज गावोगाव, वस्तीवस्तीत अंगणवाडी आहे. पण ती थोडेच तास भरते आणि आईचं काम दिवसभर चालतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तिथे बसायची सोय नसतेच, त्यांच्या वाट्याला घरी न्यायचा पोषण आहार येतो. आमच्या भागातल्या एका अंगणवाडीत आमच्यातले काही जण एक सकाळ बसून होते. पत्र्याची, भाड्याची एक खोली. सेविकाताई एका हाताने मुलीला वजनकाट्यावर उभी करत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर 'पोषण ट्रॅकर' या सरकारी अ‍ॅपमध्ये आकडा भरत होत्या. रेंज गेली, आकडा गेला, पुन्हा वजन. तोवर मदतनीसताई खिचडी उतरवत होत्या, दोन मुलं भांडत होती, एक गरोदर बाई लसीची तारीख विचारायला दारात उभी होती. गाणं, गोष्ट, मातीकाम, चित्रं यांना त्या सकाळी फार थोडा वेळ उरला. इतकी कामं करणाऱ्या बाईला सरकार वेतन देत नाही, 'मानधन' देतं. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावं लागलं. 2023 च्या डिसेंबरात राज्यभरच्या अंगणवाड्यांना संपामुळे कुलपं लागली, तेव्हा आमच्यातल्या ज्यांची मुलं अंगणवाडीत जात नाहीत त्यांना त्याची झळ लागली नाही. अशी झळ सगळ्यांना लागली पाहिजे. सगळ्यांची मुलं तिथे जातील, तेव्हा ती लागेल.

कायद्यातली एक भेग इथे सांगितलीच पाहिजे. राज्यघटनेच्या मूळ 45 व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचं उद्दिष्ट होतं. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. 2002 साली 86 वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण मूलभूत हक्क झालं, पण फक्त सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सहाखालच्या मुलांसाठी राज्य 'प्रयत्न करील' एवढंच 45 व्या अनुच्छेदात उरलं. माणसाचा मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो ती वर्षं हक्काच्या कुंपणाबाहेर राहिली. परिणाम रोज दिसतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला बंदी केली, त्यासाठी दंडही ठेवला. पण तो कायदा सहा वर्षांपासून पुढचा. नर्सरीच्या दारात तीन वर्षांचं मूल आजही टेबलासमोर बसवलं जातं, त्याला रंग ओळखायला सांगतात, आणि शेजारी बसलेल्या आईला तिचं शिक्षण आणि इंग्रजी किती, ते विचारतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. मग त्या पायाला हक्काचं संरक्षणही हवं. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचं संगोपन आणि शिक्षण मूलभूत हक्कात यावं, ही आमची सर्वांत मोठी मागणी आहे आणि ती पुरी व्हायला वेळ लागेल, हे आम्ही धरून चाललो आहोत.

आता घरातल्या वादांकडे वळतो, कारण आमच्या बैठकांमध्ये सर्वांत जास्त आवाज त्यांवरूनच चढले.

"आजी आहे ना!" हे वाक्य आम्ही आमच्या चळवळीत चालू देणार नाही. बासष्ट वर्षांची, गुडघे धरलेली बाई आपलं गाव, भिशी, भजनी मंडळ, सकाळचं फिरणं सोडून सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येते, कारण नातवंड आहे. ती आनंदाने येते, हे खरंच. पण तिला सुट्टी नाही, दुखणं काढायला उसंत नाही, आणि 'मला आता झेपत नाही' म्हणायची सोयही नाही, कारण म्हटलं की घर मोडतं. नातवंडाला आजीने गोष्ट सांगावी, लाडू द्यावा, त्याच्या बाजूने आईशी भांडावं. हजेरी भरणं हे तिचं काम नाही.

"परक्याच्या हाती मूल द्यायचं?" हा दुसरा वाद. याला जोडूनच येतं, "आमच्या वेळी कुठे होती पाळणाघरं?" तेव्हा वाडे होते, चाळीची गॅलरी होती, एकत्र कुटुंबं होती, आणि घरोघर एक थोरली मुलगी होती जिने भावंडं वाढवली आणि शाळा सोडली. तिची किंमत कुणी मोजली नाही म्हणून ती सोय फुकट वाटली. आजची पाळणाघरं बहुतेक एखाद्या ताईंच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चालतात. दुपारी हॉलमध्ये गाद्यांची रांग, ओट्यावर डबे, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं नाव. त्यातल्या कित्येक ताई मुलांना जीव लावतात. पण मूल सुरक्षित आहे ते केवळ त्या चांगल्या आहेत म्हणून. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही, तपासायला कुणी येत नाही, त्या आजारी पडल्या तर त्यांच्या जागी दुसरं कुणी नाही. पाळणाघरांची सक्तीची नोंदणी, ताईंना महापालिकेच्या खर्चाने प्रशिक्षण आणि वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक जाणतं माणूस, एवढं आम्ही मागतो. आणि ताईंनी ही मागणी आपल्याविरुद्ध समजू नये. त्यांच्या कामाला व्यवसायाचा मान मिळावा म्हणूनच ती आहे.

कामाच्या ठिकाणी पाळणाघर असावं हे कायद्याला जुनंच माहीत आहे. 1948 च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सांगितलं होतं. 1996 च्या कायद्याने बांधकामावरच्या बायकांच्या मुलांसाठी खोली सांगितली. 2017 मध्ये प्रसूती लाभ कायदा दुरुस्त होऊन सव्वीस आठवड्यांची रजा आली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचं बंधन आलं. पण बांधकामावर बाळ अजून वाळूच्या ढिगाजवळ साडीच्या झोळीत झोपलेलं दिसतं. 1969 साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत असंच दृश्य पाहून मोबाइल क्रेश या संस्थेचं काम सुरू केलं. आजही आमच्या आसपास जे टॉवर उठतायत, त्यांच्या पायाशी तेच दृश्य आहे. सव्वीस आठवड्यांचा पगार संपूर्ण मालकाच्या माथी टाकल्यामुळे काही मालक तरुण लग्न झालेल्या बाईला घेतानाच हात आखडता घेतात, हेही आम्ही मुलाखतींमध्ये अनुभवलं आहे. हा खर्च सामायिक निधीतून व्हावा. आणि मुलाच्या बापाला सक्तीची, पगारी रजा मिळावी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती खासगी नोकरीतल्या बापालाही मिळाली पाहिजे, आणि पंधरा दिवसांपुरती थांबता कामा नये. रजा फक्त आईलाच मिळत राहिली, तर मूलही फक्त आईचंच राहील.

आता शाळा. आमच्या रस्त्यावर सकाळी सात वाजता बसेसची रांग लागते. पाच वर्षांचं मूल दप्तर पोटाशी धरून डुलक्या घेत शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं आणि वाटेत त्याच्या बसला चार-पाच शाळा लागतात. शेजारच्या दारातलं मूल वेगळ्या बसमध्ये, वॉचमनकाकांचं मूल महापालिकेच्या शाळेत, मावशींची मुलगी तिसरीकडे. एका इमारतीतली मुलं संध्याकाळी खाली खेळायला आली की त्यांना एकमेकांची नावंही ठाऊक नसतात. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली होती, वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंत-गरीब, एकाच शाळेत. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. ही शिफारस आमच्याच मातीतल्या माणसाच्या हातून गेली आणि कागदावर राहिली.

2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने 'घराजवळची शाळा' हा शब्द वापरला, पण वेगळ्याच हेतूने. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागांतून सूट, असा तो नियम. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. आम्हांला त्याचा आनंद आहे. ज्या सरकारला शेजारशाळा हवी आहे, त्याने आधी ती शाळा अशी करावी की तिच्यात आमदाराचं, डॉक्टरचं आणि मावशींचं मूल शेजारी बसेल. गरिबाला तिथेच थांबवून बाकीच्यांना मोकळं सोडणं म्हणजे शेजारशाळा नव्हे.

माध्यमावर आमच्यात एकमत नाही आणि ते असल्याचं सोंग आम्ही आणत नाही. घरातली भाषा शिकण्याचा पहिला आधार आहे, असं आमच्यातल्या बहुतेकांना वाटतं. शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असंच सांगतो. पण एका बैठकीत एक बाप उभा राहिला आणि म्हणाला, "तुमची मुलं इंग्रजीवर अमेरिकेला गेली, आता आमची पाळी आली तर तुम्हांला मराठी आठवली?" त्याच्या आजोबांना शाळेच्या वर्गात बसू दिलं जात नव्हतं. त्याच्या प्रश्नाला टाळ्या पडल्या आणि त्या पडायलाच हव्या होत्या. शिवाय आमच्या वस्तीतल्या बांधकाम मजुरांच्या मुलांची मातृभाषा मराठी नाही, ती कानडी आहे, हिंदी आहे, बंजारा आहे. म्हणून आम्ही कुणावर माध्यम लादणार नाही. मात्र एका गोष्टीवर सगळे ठाम आहोत. चौथीपर्यंत मूल ज्या भाषेत विचार करतं ती भाषा वर्गात चालली पाहिजे, आणि महापालिकेच्या प्रत्येक शाळेत इंग्रजी असं शिकवलं गेलं पाहिजे की कुणाला फक्त इंग्रजीसाठी फी भरून लांब जावं लागू नये. मराठी शाळेचं दार पटसंख्येच्या नावाखाली लावून घ्यायचं आणि मग 'पालकांनाच इंग्रजी हवं' म्हणायचं, हे आम्ही मान्य करत नाही.

मागण्या सरकारकडे आहेत, तसं काही आम्ही स्वतःवरही घेतलं आहे. चळवळीतल्या घरात मूल सांभाळणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी, आजारपणाची पगारी रजा आणि दिवाळीला महिन्याचा बोनस मिळेल, आणि हे तोंडी न राहता कागदावर लिहिलं जाईल. मुलाच्या आजारपणाची रजा आई आणि बाप आळीपाळीने काढतील. घराजवळच्या शाळेत न जाता, तिथल्या बाईंना न भेटता कुणी तिला नावं ठेवणार नाही. ज्यांना जमेल ते येत्या जूनपासून आपलं मूल महापालिकेच्या शाळेत घालतील, आणि हे एकेकट्याने न करता एकाच वर्गात दहा-बारा घरं मिळून करतील, म्हणजे कुणाला आपल्या मुलावर प्रयोग केल्यासारखं वाटणार नाही. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असं सांगितलं आहे. या जागा बहुतेक ठिकाणी कागदावर भरल्या जातात. आम्ही त्या उभं राहून भरणार, शौचालयाच्या नळापासून विज्ञानाच्या तासापर्यंत प्रश्न विचारणार, आणि मुख्याध्यापकांच्या पाठीशीही उभे राहणार, कारण आजवर त्यांना निवडणुकीची, जनगणनेची, सर्वेक्षणाची कामं नाकारायला कुणाचा आधार नव्हता.

पहिलं काम ठरलं आहे. आमच्या भागातल्या महापालिका शाळांमध्ये पट घसरून वर्गखोल्या रिकाम्या झाल्या आहेत, आणि अ‍ॅमेनिटी स्पेस म्हणून पालिकेकडे आलेल्या जागा कुंपणं घालून पडल्या आहेत. त्यांतली एक शाळा निवडून तिच्या आवारात सकाळी आठ ते संध्याकाळी सातपर्यंत चालणारं पाळणाघर आणि पूर्ण दिवसाची अंगणवाडी मागायला आम्ही क्षेत्रीय कार्यालयात जाणार आहोत. फी उत्पन्नाप्रमाणे असेल. आयटीतल्या आईचं बाळ आणि त्याला सांभाळायला येणाऱ्या मावशींचं बाळ एकाच खोलीत, एकाच ताईंच्या हाताखाली राहील. मावशींच्या मुलाला जागा नाकारणारं कोणतंही पाळणाघर आमच्या चळवळीचं असणार नाही, मग ते कितीही सुंदर चालो. पालिकेने वर्षभरात उत्तर दिलं नाही, तर जागा आम्ही वर्गणीतून भाड्याने घेऊ, सुरू करू, आणि मागणी पुन्हा घेऊन जाऊ.

सभासदत्वाच्या अर्जावर आई आणि वडील, दोघांच्या सह्या लागतील. नुसत्या आईची सही घेऊन आलेला अर्ज परत जाईल. एकट्या पालकाला एक सही पुरेशी आहे. आजी-आजोबा, मुलं सांभाळणाऱ्या मावशी, पाळणाघराच्या ताई, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, शाळेतले शिक्षक यांना पालक नसतानाही पूर्ण मताचा हक्क राहील, आणि कार्यकारिणीच्या निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखलेल्या असतील. बैठका रविवारी सकाळी होतील, त्या जागी मुलं खेळायची सोय असेल, आणि मुलं बघायची पाळी त्या दिवशी पुरुषांची असेल.